चतुराबाईच्या मांजरांचं बिऱ्हाड

आसेगावात चतुराबाईची ख्याती एका गोष्टीसाठी होती. कणगीत ज्वारी भरून झाली की ती कणगीच्या तोंडावर शेणमातीचा लेप द्यायची आणि लेप ओला असतानाच त्यावर आपला डावा पंजा दाबायची. त्या पंजाची करंगळी तरुणपणी विळ्याने अर्धी उडाली होती. कोणी कणगी फोडलीच आणि पुन्हा लिंपून ठेवली, तरी तसली अर्धी करंगळी तो चोर आणणार कुठून? तुपाच्या गाडग्यावर फडकं बांधलं की गाठीवर ती राखेची चिमूट ठेवायची. दुधाच्या भांड्याला आतून कोळशाची रेघ असायची. शेजारीण विस्तव मागायला आली तर ती परत जाईपर्यंत चतुराबाईची नजर तिच्या पदराआडच्या हातावरून हलायची नाही.

गाव हसायचं. हसणाऱ्यांचं काय जातं! तिचा नवरा गेला तेव्हा ती कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती, आणि सांत्वनाला म्हणून आलेल्या सख्ख्या दिराने तेरावं व्हायच्या आत कणगी अर्ध्यावर आणली. वर पुन्हा तोच सगळ्यांदेखत म्हणाला, "वयनी, काही लागलं त सांगा." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. चतुराबाई तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. एकुलती लेक पंचफुला धनजला नांदत होती, आणि इथे घरात बाई एकटी. विश्वास पानिपतात गेला तो गेलाच.

घरात दोन मांजरं होती. भुरी नावाची मांजर आणि जमादार नावाचा बोका. जमादाराचा एक कान फाटलेला, आवाज फुटक्या ढोलासारखा. तो दिवसातून दोनदा सगळ्या भिंतींवरून गस्त घालायचा, म्हणून जमादार. दोघंही म्हातारी झाली होती. भुरीच्या तोंडात दात औषधालाही उरला नव्हता. भाकरी दुधात कुस्करून दिली तरच खायची. या दोघांवर तरी चतुराबाईचा भरवसा होता म्हणाल, तर तसंही नाही. दूध शिंक्यावरच टांगलेलं असायचं. पण मांजराची चोरी तिला मंजूर होती. म्हणायची, "मांजर चोरी करते त मांजर म्हनून करते. सोयरा होऊन नाई करत."

ही हकिकत दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. त्या वर्षी चतुराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू चांगलाच उतरला. कोळशाची रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा ती भांड्यात बोट बुडवून दूध मोजायला लागली. कणगीवरचा पंजा ती बोटांनी चाचपून पाहायची. गावाला वाटलं, बाईचं अजून भागतंय. पण दिवाळीनंतर पंचफुला माहेरी आली आणि तिने पाहिलं, की माय भाकरी समजून तापल्या तव्यावर सबंध हात टेकवतेय.

"माय, तू आता एकटी राहू नको," पंचफुला रडत म्हणाली. "सक्रांत झाली का बैलाची दमणी पाठवतो. धनजले चाल."

"जवाई काय म्हनते?" चतुराबाईचा पहिला प्रश्न.

"त्याईनंच त सांगतलं, मायले आन म्हनून."

झालं! पाल चुकचुकली. जवाई जगदेव आपणहून सासूला बोलावतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. चतुराबाईने खोदून खोदून विचारलं. वावरावर डोळा आहे का? नाही, त्याचंच त्याला आवरत नव्हतं. घरात कामाला माणूस हवंय का? आंधळ्या सासूचं काम ते काय! शेवटी पंचफुलेच्या तोंडून एवढंच निघालं, की मायला घर मोकळं आहे, फक्त मांजरं नकोत. जगदेवाला कबुतरांचा नाद होता. माळवदावर त्याची खुराडी होती, आणि गडी स्वतः जेवायच्या आधी कबुतरांना दाणे टाकायचा. मांजर आणि कबुतर एका छपराखाली नांदणार कशी?

"मंग माहे मांजरं कुठी जातीन?" चतुराबाई म्हणाली. "याईची सोय लागली त येतो. नाई लागली त इथंच मरतो."

बोलली ती बोलली. आता तिचा शब्द आणि कणगीवरचा पंजा सारखाच. सुकल्यावर पुसायचा नाही. पंचफुला डोळे पुसत धनजला परतली, आणि चतुराबाई मांजरांना घर शोधायला बाहेर पडली.

म्हातारं मांजर कोण घेतो? पिल्लू असतं तर गोष्ट वेगळी. आणि त्यात ते पाप. मांजर ज्याच्या हातून मेलं त्याला काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे तर लहान पोरालाही ठाऊक. शेजारच्या मारोतरावाने हातच जोडले. "चतुराबाई, तुह्यी भुरी आज हाय, उद्या नाई. माह्या दारात मेली आन लोक म्हनले का मारोतरावच्या पाटाखाली आली, त काशीले कोन जाईन? मले त अजून कारंजा गावही धड पाहाले नाई भेटलं."

रुखमाबाई मात्र पटकन हो म्हणाली. इतकी पटकन, की चतुराबाईला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ती काठी टेकत रुखमाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली. डोळे गेले तरी कान शाबूत होते. आत ताटं वाजली, कुत्रं केकाटलं, आणि लाथेचा आवाज लाथेसारखाच आला. चतुराबाई पाणीही न पिता उठली.

संक्रांत जवळ आली. आणि बाजाराच्या दिवशी नानीबाई आली.

नानीबाई गावाबाहेरच्या तांड्यावरची. शिंदीचे झाडू बांधून विकायची. चतुराबाई तिच्याकडून वर्षानुवर्षं झाडू घेत आली होती आणि दर वेळी गाठ ओढून, काड्या चाचपून, मधे कमी भरल्यात का ते पाहूनच घेत आली होती. नानी वयाने तिच्याच बरोबरीची, एका पायाने अधू. तिने झाडू खाली ठेवला आणि म्हणाली, "चतुराबाई, मांजरं द्याची म्हने तुले. मले दे दोनी."

"दोनी?"

"हौ."

अख्खं गाव एक घ्यायला तयार नाही आणि ही दोन मागते! चतुराबाई सावध झाली. "कायले पायजेत तुले?"

"उंदरं झाले लय."

"याईले दात कुठी हायेत उंदरं धराले?"

"वास त हाय न," नानी म्हणाली. "मांजराचा वास आला का उंदीर येत नाई."

उत्तर तसं चोख होतं. म्हणूनच चतुराबाईला ते आवडलं नाही. पुढच्या बाजारी तिने मुद्दाम पुन्हा तोच प्रश्न विचारला, जणू आधी विचारलाच नव्हता. नानी म्हणाली, "नातवाले खेयाले होतीन." आता गाडीवान लखम्याकडून चतुराबाईला पक्कं कळलं होतं, की नानीचा लेक गोविंदसिंग बायकापोरांसकट कापसाच्या गाड्यांवर कामाला गेलाय आणि होळीशिवाय परतत नाही. नातू तिथे, मग खेळणार कोण? दोन बाजार, दोन उत्तरं. खऱ्याला एक तोंड असतं.

मारोतरावाने आगीत तेल ओतलं. कुणाला तरी काही तरी सांगितल्याशिवाय त्याचं जेवण पचत नसे. "बोक्याच्या केसाचं औषध करतात म्हने," तो म्हणाला. "आन कातड्याचं काय करतात ते मले नको इचारू." चतुराबाई रात्रभर जमादाराच्या पाठीवर हात ठेवून बसली.

तरी वेळ उरला नव्हता. लखम्याची गाडी तांड्याकडून जाणार होती, तेव्हा ती त्याच्यासोबत न सांगता नानीच्या दारात जाऊन उतरली. मनात एवढंच, की बेसावध गाठलं की माणूस खरं काय ते दाखवतो. नानीने तिला हाताला धरून आत नेलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं. चतुराबाई पाणी प्यायली आणि बसल्या बसल्या हाताने घर वाचू लागली. भुई नीट सारवलेली. भिंतीला ओल नाही. ज्वारीच्या मडक्यात हात घातला, तळापर्यंत घातला. उंदराची एक लेंडी नाही! कोपऱ्यात चाचपलं तर फाटक्या गोधडीची मऊ गादी केलेली, आणि तिच्यापाशी मातीचे दोन परळ.

"हे काय वं?"

"त्याईच्यासाठी," नानी म्हणाली.

"म्या हौ म्हनलं का तुले? न इचारता परळ मांडून बसली? आन उंदीर कुठी हाय तुह्या घरी? एक लेंडी दाखव!"

नानी चूल फुंकत राहिली. चतुराबाई घरी आली ती मनात पक्कं करून, की या बाईच्या मनात काहीतरी आहे. दुसरं कोणी असतं तर गादी पाहून त्याला बरं वाटलं असतं. चतुराबाईला वाटलं, शिकारी आधी फासा मांडतो आणि मग दाणे टाकतो.

पण दुसरं दारच नव्हतं. संक्रांत झाली, धनजहून निरोप आला की दमणी आठवड्यात निघते. शेवटी चतुराबाईने नानीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, ने. मात्र रीत व्हायला हवी.

रीत अशी. मांजर नव्या घरी नेलं की त्याच्या चारी पायांना तूप चोळायचं. मांजर बसून तूप चाटतं, चाटता चाटता त्याला तिथला वास आपला वाटायला लागतो, आणि मग ते माघारी जात नाही.

नानी म्हणाली, "वाटीभर तूप दे. तांड्यावर गेलो का पहिले पायाले चोयतो, मंग सोडतो."

"वाटी तुह्या हाती देऊ?" चतुराबाई ताडकन म्हणाली. "आन ते तूप मांजराच्या पायाले लागलं का तुह्या भाकरीले लागलं, मले कसं समजीन? माहे डोये गेले, अक्कल नाई गेली. मीच लावून देतो."

आणि तिने खरोखर गाडग्याची गाठ सोडली, आपल्याच घराच्या उंबऱ्यावर बसून दोन्ही मांजरांना मांडीवर घेतलं आणि आठही पाय तुपाने माखले. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा चोळलं. भुरी तिथेच उंबऱ्यावर बसून निवांतपणे चाटत राहिली. जमादार तर चाटून झाल्यावर चतुराबाईचा हातही चाटू लागला. नानी उभी राहून पाहत होती. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बोलून उपयोग काय? चतुराबाईला कोणी शहाणपण शिकवलं, की तिला त्यात शिकवणाऱ्याचा फायदा दिसायचा. मग मांजरं टोपल्यात घातली, वरून दुसरं टोपलं झाकून बांधलं, आणि नानी ते डोक्यावर घेऊन लंगडत निघाली.

चतुराबाई आत आली. घर इतकं रिकामं वाटलं की तिने उगाच शिंक्याला हात लावून पाहिला. दूध होतं तेवढंच होतं. प्यायला कोणी नव्हतं. त्या दिवशी तिला रडू आलं, आणि रडताना कोणी पाहत तर नाही ना, म्हणून तिने दार लावून घेतलं.

दोन-तीन दिवस गेले आणि सकाळी भिंतीवरून फुटका ढोल वाजला. जमादार! चतुराबाई धडपडत बाहेर आली. तो पायात घोटाळत होता, अंगभर कुसळं. दुपारपर्यंत भुरीही आली, पाय ओढत, भुकेने अर्धी झालेली.

मग काय विचारता! चतुराबाईने दारात उभं राहून सगळी आळी गोळा केली. "पाह्यलं? फेकून देल्ले माहे मांजरं! काटवनात फेकून देल्ले! मी म्हनत होतो न? दोन तोंडाची बाई थे, दोन तोंडाची!" मारोतराव मान डोलवत होता. रुखमाबाई म्हणाली, "म्या त घेत होतो, तुनंच नाई देल्ले."

तेवढ्यात नानी आली. धापा टाकत, पदर फाटलेला, अनवाणी पायातून रक्त. कालपासून ती नाल्याच्या काठाने, तुरीच्या वावरांतून, मांजरांना हाका मारत फिरत होती. चतुराबाईच्या पायाशी भुरी दिसली तशी ती मटकन खाली बसली. "हायेत, बाप्पा," म्हणाली. "दोनी हायेत."

"आता कायले आली? फेकून देल्ले न?"

आजवर नानीने चतुराबाईचं सगळं ऐकून घेतलं होतं. झाडूच्या गाठी ओढलेल्या पाहिल्या, मडक्यात घातलेला हात पाहिला. आज मात्र ती उसळली.

"फेकून देल्ले? चतुराबाई, तूप कुठी चोयलं तुनं?"

"पायाले चोयलं! चांगलं मापानं चोयलं!"

"पायाले नाई इचारत मी. कोनत्या घरी चोयलं?"

चतुराबाई वाकून भुरीचे पाय चाचपू लागली.

"तुह्या उंबऱ्यावर," नानी म्हणाली. "मांजर जिथं तूप चाटते तिथलंच होते, हे का मले सांगा लागते? माह्या घरी आले तवा पाय कोरडे होते त्याईचे. माह्या घरचं तूप म्हनशीन, त माह्या घरी तूप कवा असते? तुनंच त्याईले आपल्या उंबऱ्याले बांधून देल्लं, आन आता मलेच चोर करून राह्यली."

मारोतरावाला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात लपवलं. चतुराबाईने उंबऱ्यावर हात फिरवला. तूप मुरून तिथे अजून तेलकट होतं. आयुष्यभर तिने पंजे उमटवले, गाठी मारल्या, आणि या खेपेला स्वतःच्याच दोन मुक्या जिवांना काट्याकुट्यांतून उपाशी चालायला लावलं. तिला शरम वाटली. अशी शरम तिला नवरा गेल्यापासून वाटली नव्हती, कारण तेव्हापासून चूक नेहमी दुसऱ्याचीच असायची.

मग ती म्हणाली, "नानी, एक खरं सांग. उंदीर नाईत, नातू नाई. मंग मांजरं कायले पायजेत तुले?"

नानीने पायातला काटा काढला. "घर खायाले उठते," ती म्हणाली. "गाड्या गेल्या का तांड्यावर कुत्रंही नाई राहत. पायामुळं मले नेत नाईत. दिवसभर बोलाले कोनी नाई. आता हे सांगतलं असतं त तू म्हनली असती, म्हातारी मले भुलवून राह्यली. उंदीर म्हनलं त पटीन असं वाटलं."

"मंग पिल्लू आनाचं. म्हातारे कायले?"

"पिल्लू आनलं असतं," नानी म्हणाली, "आन मी मेल्यावर त्याले कोन पाह्यलं असतं? हे दोघं माह्या संगंच संपतीन. कोनी कोनाच्या मांग राह्याचं नाई."

चतुराबाई उठली. आत गेली. तुपाचं गाडगं घेऊन बाहेर आली. वाटी नाही, सगळं गाडगं. गाठीवर राख नव्हती, आत किती आहे ते तिने बोट घालून पाहिलं नव्हतं. तिने ते नानीच्या हातात दिलं. खरं सांगायचं तर शेवटच्या क्षणी तिने गाडगं थोडं धरूनही ठेवलं. मग सोडलं.

"तांड्यावर चोय," ती म्हणाली. "उरलं त भाकरीले लाव. मी पाहाले येत नाई."

मांजरं पुन्हा टोपल्यात गेली. या खेपेला ती परतली नाहीत. चार दिवस चतुराबाई सकाळ-संध्याकाळ भिंतीकडे कान लावून बसली. येऊ नयेत म्हणून देवाला हात जोडायची, आणि आली नाहीत म्हणून डोळे पुसायची. पाचव्या दिवशी लखम्या सांगत आला, "बाई, तुहा जमादार नानीच्या कुडावर गस्त घालून राह्यला. माह्या बैलाईवर गुरकला."

दमणी आली. दोन दिवसांच्या खडखडाटानंतर चतुराबाई धनजला उतरली. जगदेव पुढे झाला, पाया पडला, म्हणाला, "या मामी, घर तुमचंच हाय." घर तुमचंच आहे! ज्या ज्या माणसाने तिला हे वाक्य ऐकवलं होतं त्या सगळ्यांचे चेहरे तिला आठवले. ती गाठोडं पोटाशी धरून कोपऱ्यात बसली. माळवदावर कबुतरं घुमत होती. कोणी कोणतं भांडं उघडलं, कोण कोणाशी कुजबुजलं, कुजबुज आपल्याविषयी होती का, हे ती आवाजावरून लावत राहिली. दिवेलागणीला पंचफुला तिच्या पायाशी येऊन बसली आणि तळपायाला काहीतरी गार, ओलसर लागलं.

चतुराबाईने पाय झटकन ओढला. "काय लावून राह्यली?"

"तूप हाय माय. काशाच्या वाटीनं तयपायाले चोयते. डोयाची आग कमी होते म्हने. त्याईनं मुद्दाम आनलं तुह्यासाठी."

जवायाने आणलं. पायाला तूप. नव्या घरी, पहिल्याच संध्याकाळी. पायाला तूप कशासाठी चोळतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं. संशयाचा किडा सवयीने वळवळला, की ही माझी आग विझवायला बसलीय की मला बांधून घालायला? आणि मग तिला उंबऱ्यावर बसून निवांतपणे चाटणारी भुरी आठवली.

तिने पाय पुढे केला. मग दुसराही केला.

"हात आखडू नको वं," ती म्हणाली. "म्हातारं मांजर हाय. थोड्या तुपात नाई राहत."